रविवारची गाडी की रोजची गाडी?

दोस्तांनो, मिस्टर बीन तुम्हाला ठाऊक आहेच. तोच तो, फारसं काही न बोलता हसवून हसवून पोट दुखायला लावणारा! त्याची ती पोपटी रंगाची, काळ्या बॉनेटची इवलीशी मिनी गाडीही आता तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल. दाराला चक्क कडी-कुलूप लावायचा पठ्ठ्या!

आता एक गंमत ऐका. मिस्टर बीनचं काम करणारे रोवन अॅटकिन्सन यांनी १९९७ साली स्वतःसाठी एक गाडी घेतली. ती काही मिनी नव्हती. ती होती मॅक्लॅरेन एफ-वन! किंमत सुमारे ६ लाख ४० हजार पौंड. याच जातीच्या गाडीनं १९९८ साली ताशी ३८६ किलोमीटर वेग गाठून दाखवला होता. शर्यतीच्या आणि साध्या अशा सगळ्या धरून जगात फक्त १०६ बनल्या.

इतकी महागाची, इतकी दुर्मिळ वस्तू. तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? कव्हर घालून ठेवली असती, रोज फडक्यानं पुसली असती आणि पाहुणे आले की दाखवली असती. अॅटकिन्सन यांनी काय केलं? ते ती चालवत राहिले. १८ वर्षांत ४१ हजार मैल, म्हणजे जवळजवळ ६६ हजार किलोमीटर!

मोटारींचं वेड असलेल्या लोकांत या गोष्टीवरून फार जुना वाद आहे. स्पोर्ट्स कार घ्यायची, तर तीच रोज वापरायची? की रोजच्या कामांना एक साधी गाडी ठेवायची आणि स्पोर्ट्स कार दुसरी गाडी म्हणून फक्त हौसेसाठी बाहेर काढायची? तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या कपाटाच्या दारावर लाल-पिवळ्या गाड्यांची चित्रं चिकटवलेली असतील. "मोठा झालो की मी हीच घेणार," असं तुम्ही आईला सांगितलंही असेल. चला तर मग, आज आपण दोन्ही बाजूंचा नीट हिशेब मांडू.

आजीची परीक्षा

सुरुवात एका सोप्या परीक्षेनं करू. तिला आपण म्हणू या 'आजीची परीक्षा'. गाडी दारात उभी आहे आणि आजीला दवाखान्यात न्यायचंय. आजी गाडीत बसू शकेल का? आणि मुख्य म्हणजे, उतरू शकेल का?

आपली जुनी मारुती ८०० आठवा. तिची उंची साधारण १४० सेंटीमीटर होती. मॅक्लॅरेन एफ-वनची उंची ११४ सेंटीमीटर. म्हणजे पाचवी-सहावीतल्या पुष्कळ मुलांच्या खांद्याशी तिचं छप्पर येईल! सीट जमिनीपासून वीतभर वर. आजी बसेल कदाचित, पण उठताना दोघांना हात धरावे लागतील.

मग स्पोर्ट्स कार इतकी बुटकी का करतात? नुसती ऐट म्हणून? नाही बरं का, त्यामागे विज्ञान आहे. एस.टी.च्या बसमधून तुम्ही घाट चढला असाल. वळण आलं की बस कशी एका अंगाला झुकते आणि आपण शेजारच्यावर जाऊन आदळतो! बस उंच, तिचं वजनही उंचावर, म्हणून ती कलते. वजन जितकं खाली, तितकी गाडी वळणावर कमी झुकते आणि चारही चाकं रस्त्याला घट्ट धरून राहतात. शिवाय बुटक्या गाडीला समोरची हवा कमी अडवते. पोट रस्त्याजवळ असलं की गाडीखालून जाणारी हवाही काबूत ठेवता येते. नाहीतर जोराच्या वेगात ती हवा गाडीला वर उचलायला बघते.

पण वेगाला जे सोयीचं, तेच रोजच्या रस्त्यावर अडचणीचं होतं. गाडीचं पोट आणि रस्ता यांमधल्या अंतराला 'ग्राउंड क्लिअरन्स' म्हणतात. मारुती ८०० मध्ये ते साधारण १७ सेंटीमीटर होतं. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये ते १० ते १३ सेंटीमीटर असतं. आता तुमची पट्टी काढा आणि रस्त्यावरचा स्पीडब्रेकर आठवा. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था आपल्याकडच्या रस्त्यांची मापं ठरवून देते. तिच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि चांगला ३.७ मीटर रुंद, हळूहळू चढणारा हवा. पण आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर? कुणीतरी रातोरात डांबराचा ढीग टाकून केलेला, अरुंद आणि टेंगळासारखा! तिथं बुटक्या गाडीचं नाक किंवा पोट घासलंच म्हणून समजा. हल्ली काही महागड्या गाड्यांत बटण दाबलं की नाक थोडं वर उचलण्याची सोय असते. पण पावसाळ्यात खड्ड्यांच्या रस्त्यानं जायचं, तर ते बटण किती वेळा दाबणार?

अजून ऐका. वळणावर गाडी कलू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक असतात. त्यामुळे प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. टायर रुंद आणि चिकट रबराचे असतात. ते रस्ता छान धरतात, पण लवकर झिजतात. इंजिन ताकदवान, म्हणजे उष्णताही भरपूर. वेगात असताना समोरून वारा येतो आणि इंजिन थंड राहतं. सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिलं की ती उष्णता जाणार कुठं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पुष्कळ स्पोर्ट्स कारमध्ये जागा दोनच. आई, बाबा, ताई, तुम्ही आणि आजी. सांगा, कोण घरी राहणार?

सोन्यानं मढवलेली गाडी

मग अॅटकिन्सन यांनी ४१ हजार मैल कसे काय काढले? त्याचं उत्तर ती गाडी बनवणाऱ्या माणसाकडे आहे.

गॉर्डन मरे हे त्यांचं नाव. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान शहरात जन्मलेले हे इंजिनिअर पुढं इंग्लंडला गेले आणि फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्यांचे नामांकित रचनाकार झाले. मॅक्लॅरेन एफ-वन बनवताना त्यांनी मनाशी ठरवलं, की ही चालवणाऱ्याला सर्वांत जास्त आनंद देणारी गाडी असेल, पण ती माणसाला वापरता आली पाहिजे.

म्हणून त्यांनी काय केलं पाहा. गाडीत दोनऐवजी तीन जागा ठेवल्या. चालवणारा अगदी मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, थोडं मागं, दोन प्रवासी. सामानासाठी मागच्या चाकांच्या पुढं, दोन्ही अंगांना कप्पे केले. एअरकंडिशनर दिला, गाणी ऐकायला सीडी प्लेअर दिला. वजन मात्र फक्त ११३८ किलो ठेवलं. पाठीमागं बीएमडब्ल्यूचं १२ सिलिंडरचं, ६२७ अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्याच्या उष्णतेनं आजूबाजूचे भाग तापू नयेत म्हणून इंजिनाच्या कप्प्याला आतून चक्क सोन्याचा पातळ पत्रा लावला! सोनं उष्णता फार चांगली परतवून लावतं, म्हणून.

दोस्तांनो, यात शिकण्यासारखं खूप आहे. रोजच्या सोयी गाडीत आपोआप येत नाहीत. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी कुणीतरी त्यांचा विचार करावा लागतो.

तरीही ती शेवटी शर्यतीच्या रक्ताची गाडी होती. स्टिअरिंग हलकं करणारं पॉवर स्टिअरिंग नाही. ब्रेकला मदत करणारं यंत्र नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं अडकू नयेत यासाठी आज साध्या गाडीतही 'एबीएस' असतं, तेही नाही. सगळी भिस्त चालवणाऱ्याच्या हातापायांवर. पेट्रोलची टाकी म्हणजे एक खास पिशवी, ती दर पाच वर्षांनी बदलावी लागते. आणि गाडीच्या संगणकाशी बोलायला १९९०च्या दशकातला एक जुनाट लॅपटॉप लागतो, अशी बातमी २०१६ साली आली होती. बोला आता!

२०११ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये ही गाडी घसरली, झाडावर आणि दिव्याच्या खांबावर आदळली. अॅटकिन्सन यांच्या खांद्याला दुखापत झाली. नशीब बलवत्तर म्हणून तेवढ्यावरच निभावलं. गाडी दुरुस्त करायला सुमारे ९ लाख १० हजार पौंड लागले. म्हणजे घेतली त्या किमतीहून जास्त! ते पैसे विमा कंपनीनं भरले. दुरुस्तीनंतर त्यांनी ती पुन्हा चालवली आणि २०१५ साली विकली, ती जवळजवळ ८० लाख पौंडांना.

"पाहा, वापरूनही किंमत वाढली!" असं तुम्ही म्हणाल. थांबा. जगात शंभरच्या आसपास असलेल्या वस्तूचं गणित निराळं असतं. साधी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. आणि आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. अॅटकिन्सन यांच्याकडे इतरही गाड्या होत्या. एक गाडी दुरुस्तीला गेली म्हणून त्यांचं घर अडून राहणार नव्हतं. आपल्या घरी एकच गाडी असते, ती गॅरेजमध्ये गेली की बाबांची किती धावपळ होते, आठवतं ना?

कव्हराखालची गाडी

मग दुसरी बाजू बरी म्हणायची का? रोजच्याला साधी गाडी आणि हौसेला दुसरी?

करू या हिशेब. वर्षात रविवार ५२. दुसरी गाडी फक्त रविवारी काढायची. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसाळा, तेव्हा ती बाहेर काढायची नाही. म्हणजे साधारण १७ रविवार गेले. उरले ३५. परीक्षा, लग्नकार्यं, आजारपणं यांत किती जातील ते सोडूनच देऊ. म्हणजे ३६५ पैकी निदान ३३० दिवस ती गाडी नुसती उभी!

आणि उभी गाडी म्हणजे सुखी गाडी, असं मुळीच नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ, चोरघंटा असली यंत्रं बॅटरीतून थोडी थोडी वीज घेतच असतात. काही आठवड्यांनी किल्ली फिरवावी तर 'टक' एवढाच आवाज! टायर एकाच जागी दबून चपटे पडतात. ब्रेकच्या लोखंडी चकत्यांना दमट हवेत गंज चढतो. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. हो, पेट्रोलही शिळं होतं! आणि उंदीरमामा? बॉनेटखाली ऊबदार जागा मिळाली की तिथं बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून जाणकार सांगतात, की गाडी ठेवायचीच असेल तर ती अधूनमधून चांगली फिरवून आणा. जागच्या जागी दोन मिनिटं सुरू करून बंद केली, तर बॅटरीतून गेलेली वीजही भरून निघत नाही.

विमा मात्र दोन्ही गाड्यांचा भरायचा. गाडी ३५ दिवस चालली म्हणून विमा कंपनी ३३० दिवसांचे पैसे परत देत नाही. कर दोन्हींवर, पीयूसी दोन्हींचं, सर्व्हिसिंग दोन्हींचं.

इथं आपल्या सचिनची गोष्ट आठवते. २००२ साली सचिन तेंडुलकरनं सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला फेरारी भेट मिळाली. शर्यतींचा बादशहा मायकेल शूमाकर याच्या हस्ते! गाडी भेट होती खरी, पण ती भारतात आणायची तर तिच्यावरच्या आयातकराचा आकडा एक कोटी रुपयांच्या वर जात होता. त्यावरून केवढा वाद झाला होता, ते आई-बाबांना विचारा. म्हणजे फुकट मिळालेली गाडीही फुकट नसते! २०११ साली सचिननं ती विकली. मात्र आपली पहिली गाडी, साधी मारुती ८००, परत मिळाली तर हवी आहे, असं त्यानं २०२० साली सगळ्यांना सांगितलं.

आता तुमच्या अगदी जिव्हाळ्याचा मुद्दा. जागा! एक गाडी उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत एवढीच एक खोली असते आणि तिच्यात दोन भावंडं अभ्यास करतात, झोपतात. आणखी गंमत सांगू? क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, म्हणजे २० मीटरहून थोडं जास्त. चार गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या की झाले २० मीटर. सोसायटीतल्या फक्त चार घरांनी दुसरी गाडी घेतली की तुमचं अख्खं पिच गेलं! मग बसा 'एक टप्पा आऊट' खेळत जिन्याखाली. त्यातून चेंडू कव्हरावर लागला तर वरच्या मजल्यावरून ओरडा खायचा, तो वेगळाच.

गाडी चालत असते तेव्हा निदान कुणाच्या तरी उपयोगी पडते. उभी राहिली की जागा मात्र वर्षभर सगळ्यांची अडवते. दुसरी गाडी घेण्याआधी हा हिशेब फार थोडी माणसं करतात.

मधला रस्ता

मग काय, दोन्ही वाईटच? तसं नाही. हुशार इंजिनिअरांनी या भांडणातून मधला रस्ता काढला आहे आणि तो काही आजचा नाही.

१९६३ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शे कंपनीनं एक गाडी मांडली. नाव होतं ९०१. पण मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडे राखीव होते, म्हणून नाव झालं ९११. तिचं इंजिन अगदी मागं, डिकी पुढं आणि मागच्या बाजूला दोन छोट्या जागा. तिथं मोठा माणूस अवघडून बसतो, पण लहान मुलं मावतात, आणि मुलं नसतील तेव्हा पाठी दुमडून सामान ठेवता येतं. एवढ्याशा दोन जागांमुळे ती घरादाराची गाडी होऊ शकली. २०१७ साली दहा लाखावी ९११ बाहेर पडली!

१९८९ साली अमेरिकेतल्या शिकागोच्या प्रदर्शनात दोन जपानी गाड्या लोकांसमोर आल्या. एक माझदाची मिआटा. छोटी, हलकी, बेताच्या किमतीची. दुसरी होंडाची एनएसएक्स. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा. चालवणाऱ्याला चहूकडचं नीट दिसावं म्हणून लढाऊ विमानाच्या काचेसारखी रचना केलेली. आणि साध्या होंडासारखी बिनतक्रार चालणारी. आपले गॉर्डन मरे स्वतः ही एनएसएक्स चालवायचे. गाडी किती सुखावह असावी, याचं माप त्यांनी एफ-वनसाठी तिच्यावरूनच घेतलं होतं.

पण आमच्या मते खरी कमाल केली ती उलट्या वाटेनं जाणाऱ्यांनी. स्पोर्ट्स कारला रोजच्या वापराची करण्याऐवजी त्यांनी रोजच्या गाडीलाच चपळ केलं. १९७६ साली फोक्सवॅगननं आपल्या साध्या गोल्फ गाडीत ११० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि 'जीटीआय' विकायला काढली. फक्त ५ हजार विकल्या जातील असा कंपनीचा अंदाज होता. पण लोकांना ती इतकी आवडली, की तिच्या पुढच्या पिढ्या आजही बनतात. का नाही आवडणार? सकाळी मुलं शाळेत, दुपारी भाजी डिकीत, संध्याकाळी घाटातली वळणं आणि आजीची परीक्षाही पास!

आणि तिच्याही आधी कोण होतं, ठाऊक आहे? मिस्टर बीनची मिनी! जेमतेम तीन मीटर लांब, चार माणसांची, स्वस्तातली गाडी. १९६१ साली जॉन कूपर यांनी तिच्यात जोरकस इंजिन आणि चांगले ब्रेक बसवायला लावले. त्या मिनी कूपरनं बर्फाच्या रस्त्यांवरची प्रसिद्ध माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा! मोठमोठ्या गाड्या मागं पडल्या. म्हणजे टीव्हीवर आपण जिला हसलो, ती या वादाचं उत्तर कधीच देऊन बसली होती.

तुमची सात दिवसांची वही

तेव्हा दोस्तांनो, आता एक काम करा. एक जुनी वही घ्या आणि सोमवारपासून रविवारपर्यंत तुमच्या घरची गाडी, स्कूटर, रिक्षा, बस, जे काही असेल त्याची नोंद ठेवा. कुठं गेलो? किती जण? किती किलोमीटर? सामान काय होतं? रस्त्यात स्पीडब्रेकर किती? आणि वाहन दिवसातून किती तास चाललं, किती तास उभं राहिलं? शेवटचा आकडा पाहून तुम्ही चकित व्हाल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मग कपाटावरच्या त्या चित्रातली गाडी या सात दिवसांत बसवून पाहा. किती दिवस ती तुमच्या घरच्या कामाला आली असती? किती वेळा कुणाला तरी मागं ठेवून जावं लागलं असतं? चित्र काढून टाकू नका हं! स्वप्नं पाहायला कर लागत नाही आणि पार्किंगही लागत नाही. शिवाय तुमच्यातलाच कुणी उद्या मोठा इंजिनिअर होईल आणि आजीला सहज चढता-उतरता येईल, घाटात वळणं झोकात घेईल, अशी गाडी बनवील. मात्र त्या वेळी पहिली रेघ ओढण्याआधी ही वही जवळ असू द्या.

आणि हो, वही भरली की आई-बाबांनाही दाखवा. तुमच्या घरात दुसऱ्या गाडीची चर्चा चालू असेल, तर तिच्यासाठी पिचचा कोणता भाग द्यायचा, हे आधी टीमला विचारायला लावा!